फिश टँकची खडी साफ करताना आणि पाणी बदलताना या चुका टाळा

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. जळमटं काढून झाली, डबे घासून झाले, पंखे पुसून झाले आणि मग माझी नजर हॉलमधल्या फिश टँककडे गेली. आणून जेमतेम अडीच महिने झाले होते. खडीवर तपकिरी थर, काचेला हिरवट बुळबुळीत काहीतरी. चारही गोल्डफिश बादलीत काढले, टँक बाथरूममध्ये नेऊन उपडा केला, खडी परातीत घेऊन गरम पाणी आणि भांड्यांच्या पावडरीनं धुतली, मग तांदूळ धुवावेत तशी चार पाण्यांतून काढली. फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून स्वच्छ केला. नळाचं पाणी भरलं, लाइट लावला. टँक असा लखलखत होता की सासूबाईंनी शेजारच्यांना बोलावून दाखवला.

वसुबारसेला पहिला मासा गेला, धनत्रयोदशीला दुसरा. उरलेले दोन पाण्यावर तोंड काढून आ वासत होते. तशीच पंचवटीतल्या माशांच्या दुकानात गेले.

"ताई, पाणी किती बदललं?"

"सगळं."

"आणि खडी?"

"धुतली की. चांगली पावडर लावून."

दुकानातले काका क्षणभर गप्प राहिले. म्हणाले, "दह्याचं भांडं विरजण न ठेवता घासून टाकलंत, आता दही कसं लागणार?"

त्या एका वाक्यात सगळं आलं. मासे विष्ठा करतात, कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, खाली पडलेले दाणे कुजून त्यात भर घालतात. अमोनिया माशांना विषच. पण खडीच्या प्रत्येक खड्यावर आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये जिवाणूंची वस्ती असते. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातक असतं, नायट्रेट मात्र बरंच सौम्य आणि पाणी बदलून बाहेर काढता येतं. ही वस्ती बसायला नव्या टँकमध्ये साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. मी ती एका दुपारी पावडर लावून धुऊन टाकली होती. वर चार गोल्डफिश, म्हणजे घाण करण्यात सगळ्यांत पुढे असलेली जात.

तेव्हा पहिली आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच: टँक रिकामा करून "एकदाचं" सगळं साफ करणं. साबण, पावडर, फिनेल, यांतलं काहीही टँकच्या वाटेला जाऊ देऊ नका. माशांसाठी एक बादली आणि एक मग वेगळे ठेवा, त्यांवर मार्करनं लिहून ठेवा, नाहीतर कुणीतरी त्यातच फरशी पुसायचं पाणी कालवतं.

मग किती पाणी काढायचं?

आधी टँकमध्ये पाणी किती आहे ते काढा. बहुतेक नवशिक्यांकडे असतो तो दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक. तो काठोकाठ भरला तर सुमारे 56 लिटर होतात. पण वर दोन बोटं जागा, खाली खडी, शोभेचे दगड हे सगळं वजा करता प्रत्यक्षात 40 ते 45 लिटरच असतात. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे 10-11 लिटर, आपली नेहमीची बादली अर्ध्याच्या थोडी वर. आठवड्याला एवढंच. रविवारी अंघोळीआधी वीस मिनिटांचं काम आहे.

"मग खालची घाण?" ती त्याच अकरा लिटरांत काढायची. त्यासाठीच सायफन.

सायफन फिरवण्यात होणाऱ्या चुका

दुकानात सायफन मिळतो: एका टोकाला जाड पारदर्शक नळकांडं, त्याला जोडलेला लांब पाइप. नसेल तर पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचा तळ कापून तिच्या तोंडाला पाइप घट्ट बसवला तरी चालतं. पाइप फार जाड घेऊ नका. पहिल्यांदा मी बागेच्या नळीचा तुकडा वापरला होता. तीन मिनिटांत बादली भरली आणि खडीचा फक्त एक कोपरा झाला होता. बोटाएवढा बारीक पाइप असला की पाणी सावकाश जातं आणि हात फिरवायला वेळ मिळतो.

बादली टँकपेक्षा खाली, जमिनीवर हवी, नाहीतर पाणी ओढलंच जात नाही. सुरू करायला तोंडानं ओढू नका. घाणेरडं पाणी तोंडात जातं हे तर झालंच, पण टँकच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणूही असू शकतो, जखमेतून शिरला तर कातडीवर महिनोन्महिने न बरी होणारी गाठ येते. म्हणून बोट कापलेलं असेल तर हातमोजा घाला. पाइप पाण्यात बुडवून पूर्ण भरून घ्या, एक टोक अंगठ्यानं दाबून बादलीत आणा आणि अंगठा काढा.

आता खरी गंमत. नळकांडं खडीत उभं खुपसा, अगदी तळाच्या काचेपर्यंत. आतले खडे उसळून नाचायला लागतात आणि त्यांच्यामधून चहाच्या गाळासारखा तपकिरी ढग वर चढतो. ढग पाइपात गेला, नळकांड्यातलं पाणी निवळलं की पाइप चिमटीत दाबायचा. खडे जागच्या जागी खाली बसतात. मग दोन बोटं सरकून पुन्हा. बहुतेक जण नळकांडं खडीच्या वरून नुसतं फिरवतात. त्यानं वरची धूळ जाते, मधली घाण तशीच राहते.

याउलट दुसरी चूक म्हणजे एकाच दिवशी सगळी खडी उपसणं. मी मनातल्या मनात टँकची दोन शेतं केली आहेत. या रविवारी डावीकडचं, पुढच्या रविवारी उजवीकडचं. झाडं लावली असतील तर त्यांच्या मुळांशी खुपसू नका, तिथली घाण झाडाचं खत आहे. आणि खडीऐवजी बारीक वाळू असेल तर नळकांडं वाळूत न घालता वर अर्धा इंच धरून फिरवा, नाहीतर वाळूच बादलीत येते. वाळूचा थर जाड असेल आणि खाली काळे डाग पडून सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तिथे ऑक्सिजन न पोचल्यानं हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार झालाय. एकदम ढवळू नका. मासे तात्पुरते दुसरीकडे काढून थोडी थोडी वाळू कमी करा.

खडी नवीन आणली असेल तर ती मात्र टँकमध्ये घालण्याआधी भरपूर धुवा, नुसत्या पाण्यानं. आणि फार देखणी म्हणून संगमरवराची खडी आणू नका, ती पाण्यात हळूहळू विरघळते आणि पाणी जड करते.

स्पंज आणि खडी एकाच दिवशी

हे अजूनही कितीतरी जण करतात, "आता हात ओले झालेच आहेत तर" म्हणून. दोन्हीकडची जिवाणूंची वस्ती एकदमच हलते. ज्या रविवारी स्पंज, त्या रविवारी खडीला हात नाही. स्पंज नळाखाली कधीच नाही. टँकमधून काढलेलं जे पाणी बादलीत आहे, त्यातच दोन-तीनदा पिळा. तो तपकिरीच राहतो, राहू द्या.

नळाचं पाणी थेट

नाशिकला नळाचं पाणी येतं ते प्रामुख्यानं गंगापूर धरणाचं. ते आपल्यासाठी क्लोरीन घालून शुद्ध केलेलं असतं. तोच क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि खडीतले जिवाणू मारतो. मोठ्या भांड्यात 24 तास उघडं ठेवलं तर तो बराचसा उडून जातो, आत हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावतात तो, बुडबुडे सोडणारा) सोडला तर आणखी लवकर. पण काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, तो असा उडत नाही. म्हणून दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन वापरणं सोपं. जुने लोक त्याला हायपो म्हणतात, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. बाटलीवर लिहिलंय तेवढंच, बादलीतल्या पाण्यात घालून ढवळा आणि मगच टँकमध्ये ओता. टँक भरल्यावर वरून थेंब टाकणं म्हणजे चटका बसल्यावर चिमटा शोधणं.

पावसाळ्यात विशेष जपा. गोदावरीला पूर येतो, पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत चढलं की छातीपर्यंत याची घरोघर चर्चा सुरू होते, त्या दिवसांत कधी नळाला गढूळ पाणी येतं, कधी क्लोरीनचा वास नाकात जातो. अशा आठवड्यात मी पाणी बदलतच नाही. खायला निम्मं घालते, पाणी पुढच्या रविवारी बदलते. एक आठवडा चुकल्यानं काही होत नाही.

बोअरचं पाणी वापरत असाल तर ते बहुधा जड असतं. मॉली आणि गप्पी जातीच्या माशांना चालतं, टेट्रांना नाही. आरओचं पाणी नुसतं घालू नका, त्यात क्षार फारच थोडे उरतात. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी घालायचं असलं धाडस तर कुणीच करू नये, मी एकदा केलं होतं.

थंडीतलं पाणी

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा किती उतरतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. गच्चीवरच्या टाकीतलं सकाळचं पाणी हात बधिर करतं. हिटर लावलेल्या टँकमध्ये पाणी 26 अंशांवर, आणि वरून हे ओतलं तर मासे तळाशी पंख मिटून बसतात. तीन-चार दिवसांत अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके. गार पाण्याच्या धक्क्यानं माशांची ताकद खचते आणि हा व्हाइट स्पॉट रोग डोकं वर काढतो. बादलीत थोडं गिझरचं पाणी मिसळून दोन्हीकडचं तापमान जुळवा, फरक 2 अंशांच्या आत हवा. थर्मामीटर साधा, स्वस्तातलाही चालतो. मे महिन्यात याच्या उलट: दुपारी त्याच टाकीचं पाणी चहाला निघालेलं असतं. सकाळी भरून ठेवा.

ओततानाही बादली एकदम उलटी करू नका. खडीवर एक वाटी किंवा ताटली ठेवून तिच्यावर मगानं सावकाश ओता, म्हणजे खडीत खड्डे पडत नाहीत.

नुसतं कमी झालेलं पाणी भरणं

"आमचं पाणी कधी बदलावंच लागत नाही, कमी होतं तेवढं भरतो." हे मी अभिमानानं सांगताना ऐकलंय. वाफ फक्त पाण्याची होते. क्षार आणि नायट्रेट आतच राहून साठत जातात. गिझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं ना, तसंच.

असा टँक तुमच्याकडे असेल, सहा महिने पाणी न बदललेला, तर हे वाचून उत्साहानं अर्धं पाणी काढू नका. जुन्या पाण्याचा पीएच घसरून ते आंबट झालेलं असतं. आंबट पाण्यात अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि तो फारसा बाधत नाही. नवीन पाणी भसकन ओतलं की पीएच चढतो, अमोनियम पुन्हा अमोनिया होतो आणि धडधाकट दिसणारे मासे रातोरात मरतात. मग लोक म्हणतात, "बघा, पाणी बदललं म्हणून मेले." दर दिवसाआड दहावा हिस्सा, दोन-तीन आठवडे. मग नेहमीच्या चौथ्या हिश्श्यावर या.

बटणं

हात घालण्याआधी सगळी बटणं बंद. हिटर तर बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबूनच पाणी उतरवा, त्याची तापलेली काच पाण्याबाहेर उघडी पडली की तडकू शकते. आणि काम संपल्यावर फिल्टर परत सुरू करा. हसू नका, पाणी बदलून, हात पुसून, बटण विसरून मी एकदा त्र्यंबकेश्वरला गेले होते. संध्याकाळी परतले तेव्हा सगळे मासे वर.

आता बिघडलंय, काय करू?

दुसऱ्या दिवशी पाणी पातळ ताकासारखं पांढरट झालं तर घाबरून पुन्हा पाणी बदलू नका. पाण्यात मोकळे जिवाणू अचानक वाढल्यानं तसं होतं. दोन-चार दिवस खाणं अगदी कमी करा, ते आपोआप निवळतं. पाणी हिरवं झालं तर ते शेवाळ. टँकवर खिडकीचं ऊन येतंय का बघा, आणि लाइट आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. खडी हलवल्यावर गढूळ झालं तर फिल्टर तासाभरात आवरतो.

फिल्टरची मोटर सुरू झाली पण नुसती घरघरते, पाणी फेकत नाही? आत हवा अडकली आहे. बंद करा, पाण्याखालीच तिरकी करून बुडबुडे जाऊ द्या, पुन्हा सुरू करा.

मासे वर येऊन आ वासत असतील, तर मात्र त्याच क्षणी हालचाल करा. हवेचा पंप पूर्ण सोडा, अँटी-क्लोरीन घातलेलं, तापमान जुळवलेलं पाणी घेऊन चौथा हिस्सा बदला, त्या दिवशी खाणं बंद. गरज वाटली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. अमोनियाचं टेस्ट किट असेल तर आकडा पाहा: अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. निळं औषध (मिथिलीन ब्लू) मात्र ओतू नका. दुकानातून काहीतरी न्यायचं म्हणून सगळे तेच नेतात, पण रोग नसताना ते खडीतल्या जिवाणूंचं नुकसान करतं. त्या दिवाळीला माझे उरलेले दोन गोल्डफिश असंच रोज थोडं थोडं पाणी बदलून वाचले. काकांनी त्यांच्या जुन्या टँकमधली मूठभर खडी, न धुतलेली, ओलीच, पिशवीत बांधून दिली होती. तेच विरजण.

बादलीतलं तपकिरी पाणी मोरीत ओतू नका, जास्वंदीला घाला. औषध किंवा मीठ घातलेलं असेल तर मात्र कुंडीत नाही. आणि सकर मासा फार वाढला, टँकमध्ये मावेना, म्हणून त्याला गोदावरीत सोडून पुण्य मिळवायला जाऊ नका. तो परदेशी मासा आहे, भारतातल्या कित्येक नद्या-तलावांत त्यानं ठाण मांडलंय. दुकानदाराला परत द्या, बहुतेक जण घेतात.