घरच्या घरी केस-नखांचं पार्लर: एका खोलीतून नीट सुरुवात कशी करावी

घरी पार्लर काढलं की गाळ्याचं भाडं वाचतं, हा मोठाच फायदा. पण बऱ्याच जणी तो पहिल्याच महिन्यात दर पाडून घालवून बसतात. माझा आग्रह वेगळा आहे. वाचलेलं भाडं स्वच्छतेत, सुरक्षिततेत आणि प्रत्येकीला पुरेसा वेळ देण्यात घाला, आणि दर आजूबाजूच्या चांगल्या पार्लरच्या जवळपास ठेवा. पुढच्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

१. आधी कामं ठरवा

सुरुवातीला चार-पाच कामं पुरे: ट्रिमिंग आणि साधे कट (यू, स्टेप, लेयर), रूट टच-अप (मुळाशी दिसणाऱ्या पांढऱ्या केसांना रंग), हेअर स्पा, मेनिक्युअर-पेडिक्युअर आणि जेल पॉलिश. जोडीला आयब्रो, कारण त्या निमित्ताने बायका दर दोन-तीन आठवड्यांनी येतात. ॲक्रिलिक एक्स्टेन्शन (नखं कृत्रिमरीत्या लांब करणं) आणि केराटिनसारखी केस सरळ-मऊ करणारी स्मूदनिंगची कामं पहिल्या वर्षी घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. ॲक्रिलिकचा उग्र वास घरभर पसरतो. अनेक स्मूदनिंग उत्पादनांतून गरम स्ट्रेटनर फिरवताना फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, आणि त्याच घरात तुमची मुलं अभ्यास करत असतात.

शिक्षण राहिलं असेल तर आयटीआयमधला कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चांगला. मात्र प्रमाणपत्र हाती आल्यावरही काही महिने एखाद्या चालू पार्लरमध्ये काम करा. ओळखीच्या दहा जणींचे केस कापणं वेगळं आणि अनोळखी बाईला हवा तोच कट देणं वेगळं.

२. जागा, पाणी, वीज

शक्यतो दाराजवळची खोली निवडा, म्हणजे ग्राहकाला स्वयंपाकघरातून जावं लागणार नाही. साधारण दहा बाय दहाच्या खोलीत एक खुर्ची, आरसा, शँपूची जागा आणि नखांचं छोटं टेबल आरामात बसतं. खिडकी हवीच, आणि एक्झॉस्ट फॅनही. शँपूच्या बेसिनला केस अडवणारी जाळी बसवा, नाहीतर प्लंबरचा खर्च ठरलेला.

ड्रायर दीड-दोन हजार वॉटचा असतो. गीझर आणि ड्रायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या. अर्थिंग तपासा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. ओले हात आणि वीज एकाच खोलीत असताना इथे काटकसर नको. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन लगेच पेट घेतं, त्यामुळे त्याची बाटली देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून आणि गॅसपासून लांब ठेवा.

३. कागदपत्रं

सोसायटीची किंवा भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी सर्वांत आधी घ्या. तोंडी होकारावर सुरू केलेली पार्लरं पहिल्याच तक्रारीला अडचणीत येतात. जिन्यातली चपलांची रांग आणि गाड्यांचं पार्किंग हीच नेहमीची कारणं, म्हणून परवानगी मागतानाच 'एका वेळी एकच ग्राहक' असं लिहून द्या.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रातल्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगार मोजकेच असतील तर ऑनलाइन सूचना दिली की काम होतं. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणी लागत नाही. भांडवल कमी पडत असेल तर मुद्रा योजनेतलं 'शिशू' कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत, विनातारण मिळतं. घराच्या वीजदरात हे काम किती वापरापर्यंत बसतं हे वीज कंपनीच्या कार्यालयात आणि घरपट्टीत फरक पडतो का हे पालिकेत विचारून घ्या.

४. स्वच्छता

हा भाग मी लांबवणार आहे, कारण इथेच चूक सर्वांत महाग पडते. निपरने (छोट्या चिमट्यासारख्या कात्रीने) क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली कातडी, कापताना रक्ताचा एखादा थेंबही आला आणि तोच निपर पुढच्या बाईला लावला, तर हिपॅटायटिस बी किंवा सी पसरू शकतो. तुम्ही स्वतःही हिपॅटायटिस बीची लस घ्या. तिचा नेहमीचा क्रम तीन डोसांचा: पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा.

धातूच्या हत्यारांचा क्रम पाळा. आधी साबण आणि ब्रशने घासून धुवायची, मग कोरडी करायची, मग जंतुनाशकात लेबलवर दिलेला पूर्ण वेळ बुडवून ठेवायची. मळ असलेल्या हत्याराला जंतुनाशक नीट लागतच नाही. यूव्ही पेटीचा निळा प्रकाश ग्राहकाला दिलासा देतो, पण ती पेटी निर्जंतुक केलेली हत्यारं ठेवण्यापुरतीच आहे. परवडलं की छोटा ऑटोक्लेव्ह घ्या. त्यात १२१ अंश सेल्सिअसला दाबाखालची वाफ किमान १५ मिनिटं मिळते.

फायलर, बफर आणि लाकडी काडी निर्जंतुक होत नाही. एकतर टाकून द्या किंवा ग्राहकाच्या नावाच्या पाकिटात तिच्यासाठीच ठेवा. हे पाकीट पाहून बायका खूश होतात. ब्लेड दर वेळी नवं. आयब्रोचा दोरा दातात धरायची सवय असेल तर मोडा, तो मानेभोवती अडकवूनही उत्तम काम होतं. टॉवेल एकीला एक.

मधुमेह असलेल्या बाईच्या टाचेवर ब्लेड अजिबात चालवू नका. तिच्या पायाची छोटी जखमही चिघळू शकते. नख पिवळं, जाड किंवा सुटलेलं दिसलं तर त्यावर पॉलिश चढवू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा.

५. रंग आणि जेलची ॲलर्जी

काळ्या-गडद हेअर डायमध्ये बहुधा पीपीडी हे रसायन असतं आणि त्याची ॲलर्जी तीव्र असू शकते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून ४८ तास थांबा. 'मी नेहमीच लावते, काही होत नाही' असं ग्राहक म्हणेल. तरीही टेस्ट करा, कारण ॲलर्जी वर्षानुवर्षांच्या वापरानंतरही उद्भवते. लग्नाच्या आदल्या दिवशी नवा रंग मागणाऱ्या नवरीला नाही म्हणायची तयारी ठेवा.

जेल पॉलिशमध्ये धोका असतो तो कच्च्या राहिलेल्या जेलचा. जेल कातडीवर गेलं तर जेल कडक करणाऱ्या लॅम्पखाली हात घालायच्या आधी काडीने पुसा. लॅम्प शक्यतो जेलच्याच ब्रँडचा घ्या. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत टीपीओ या, जेल कडक व्हायला मदत करणाऱ्या घटकावर बंदी घातली आहे, तेव्हा खरेदी करताना 'टीपीओ-फ्री' मागा. जेल खरवडून काढू नका, ॲसिटोनमध्ये भिजवून काढा.

६. दर कसा काढायचा

समजा, तुम्हाला महिन्याला हातात १५,००० रुपये हवेत. दिवस २५, आणि रोज प्रत्यक्ष काम चार तास, म्हणजे १०० तास. तासाला १५० झाले. वीज, पाणी, टॉवेल धुणं, हत्यारांची झीज यांचे महिन्याला ३,००० धरले, तर तासाला आणखी ३०. जेल पॉलिशला सव्वा तास लागतो: १८० गुणिले सव्वा, २२५ रुपये. साहित्याचे ७५ मिळवले की ३०० रुपये. यापेक्षा कमी घेतलंत तर तुम्ही स्वतःच्या मेहनतीतून सूट देत आहात. आकडे तुमचे तुम्ही घाला, पद्धत हीच.

दरपत्रक छापून भिंतीवर लावा. नणंद-जावांसाठीचा दर पहिल्या दिवशीच ठरवा आणि तो शून्य ठेवू नका. पार्लरचे पैसे वेगळ्या खात्यात घ्या, वाणसामान त्यातून भरू नका.

७. ग्राहक आणि वर्षाचं गणित

पहिल्या ग्राहक तुमच्याच इमारतीतल्या, शाळेच्या गेटवरच्या आणि भिशीतल्या. व्हॉट्सॲपवर कामाचे फोटो टाका, पण ग्राहकाला विचारूनच. वेळ ठरवूनच बोलवा, दोघींच्या मध्ये साफसफाईला पंधरा मिनिटं ठेवा, आणि दुपारच्या जेवणाची वेळ व रविवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखा.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि मे संपेपर्यंत हात रिकामा नसतो. गणपती, नवरात्र, दिवाळीच्या आधीचा आठवडा भरलेला. श्रावणात केस कापणं बरीच घरं टाळतात, तेव्हा स्पा आणि नखांच्या कामावर भर द्या. पितृपक्ष बहुधा मंद जातो. तो पंधरवडा कात्र्या-निपरला धार लावायला, वायरिंग तपासून घ्यायला आणि नवरात्रासाठी माल भरायला वापरा.