विषाणूंचा वंशवृक्ष काढताय? या चुका टाळा

विषाणूंच्या जीनोमची (जनुकीय मजकुराची) तुलना करून त्यांचं नातं दाखवणारा वंशवृक्ष, म्हणजेच झाड, काढणारं सॉफ्टवेअर ‘जमत नाही’ असं कधी म्हणत नाही. कचरा दिला तरी झाड निघतं, आणि दिसायलाही देखणं निघतं. म्हणून विषाणू बदलला असं सांगण्याआधी तो बदल खरोखर विषाणूत झालाय की आपल्या ट्यूबमध्ये, हे तपासावं लागतं.

प्रायमर न छाटणं

प्रायमर म्हणजे जीनोमचा तुकडा वाढवायला आपण ट्यूबमध्ये टाकलेला छोटा कृत्रिम डीएनए. सगळ्यांत महागात पडते ती हीच चूक. दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रभर पसरलेल्या कोरोनाच्या डेल्टा प्रकाराचंच घ्या. स्पाइक प्रथिनात १४२ व्या जागी मूळ ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल ही डेल्टात नेहमी दिसणारी खूण. तरी २०२१ मधल्या कितीतरी डेल्टा सिक्वेन्समध्ये (वाचलेल्या जीनोमच्या अक्षरमाळेत) तिथे ग्लायसिनच दिसत होतं. झाडावर पाहिलं तर विषाणू पुन्हा पुन्हा माघारी फिरतोय असं वाटावं.

घोळ प्रायमरचा होता. तेव्हा सर्रास वापरात असलेल्या आर्टिक या प्रायमर-संचाच्या तिसऱ्या आवृत्तीत २९,९०३ बेसचा (जनुकीय अक्षरांचा) जीनोम सुमारे ४०० बेसच्या ९८ तुकड्यांत वाढवला जातो. डेल्टाच्या स्पाइकमध्ये १५६ ते १५८ या भागात सहा बेस गळालेले असतात, आणि ७२ व्या तुकड्याचा उजवा प्रायमर नेमका तिथेच बसतो. तो नीट चिकटत नाही, त्यामुळे तुकडा वाढत नाही. उरला ७३ वा तुकडा. त्याचा डावा प्रायमर १४२ च्या कोडॉनवरच (त्या अमिनो आम्लाच्या तीन अक्षरांवरच) येतो. म्हणजे त्या जागी जी अक्षरं वाचली जातात ती आपणच टाकलेल्या प्रायमरची, आणि प्रायमर तर वुहानच्या मूळ सिक्वेन्सवरून बेतलेला!

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी रीड (यंत्राने वाचलेले छोटे तुकडे) संदर्भ जीनोमवर, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या मूळ जीनोमवर, बसवा, मग प्रायमर छाटा आणि त्यानंतरच बदल शोधा. छाटल्यावर जिथे रीड पुरेसे उरत नाहीत (इलुमिना यंत्रासाठी १० आणि नॅनोपोअरसाठी २० ही प्रचलित किमान मर्यादा) तिथे सरळ ‘एन’, म्हणजे ‘अक्षर माहीत नाही’, असं लिहा. संदर्भातलं अक्षर उचलून ते भोक बुजवणं म्हणजे गैरहजर मुलाची हजेरी मांडणं. जून २०२१ मध्ये आर्टिकची चौथी आवृत्ती आली आणि प्रायमर बदलले. जुना-नवा डेटा एकत्र करत असाल तर प्रत्येक नमुन्यापुढे संचाची आवृत्ती लिहिलेली हवी. जीनोमचे सुरुवातीचे ५५ आणि शेवटचे १०० बेसही झाकून टाका. तिथलं वाचन भरवशाचं नसतं.

तारखेचा घोळ

०३-०४-२०२१ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? एक्सेल आपल्या मनाने ठरवून मोकळं होतं. कोरोनाच्या विषाणूच्या एका वंशात महिन्याला साधारण दोन बदल साठतात, म्हणजे महिनाभराची चूक दोन बदलांएवढी. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा, आणि नमुना घेतल्याची तारीख टाका, सिक्वेन्स जमा केल्याची नव्हे. मग टेम्पेस्ट या सॉफ्टवेअरमध्ये झाडाच्या मुळापासून टोकापर्यंतचं अंतर तारखेसमोर मांडा. ठिपक्यांमधून जाणाऱ्या रेषेपासून फटकून असलेला ठिपका दिसला की उत्क्रांतीचा वेग वाढल्याचा निष्कर्ष काढण्याआधी त्या नमुन्याचा मूळ फॉर्म उघडा. रेषेचा उतारच ऋण आला तर त्या डेटावर कालगणना करूच नका.

सगळ्याचं मिळून एकच झाड

इन्फ्लुएन्झा ए च्या जीनोमचे आठ खंड असतात आणि ते अदलाबदल होतात. २००९ च्या स्वाइन फ्लूचं हिमॅग्लुटिनिन (पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचा खंड) उत्तर अमेरिकेतल्या डुकरांच्या विषाणू-वंशातलं, तर न्यूरामिनिडेज (दुसऱ्या प्रथिनाचा खंड) युरेशियातल्या डुकरांच्या. आठही खंड जोडून काढलेलं झाड या दोन घराण्यांची भेसळ करून तिसरंच काहीतरी दाखवतं. म्हणून आधी खंडागणिक वेगळं झाड काढा आणि फांद्या कुठे जुळत नाहीत ते पाहा. एचआयव्हीत खंड नसतात, पण पुनर्संयोजन (दोन विषाणूंच्या जीनोमचे तुकडे एकमेकांत जोडले जाणं) भरपूर. तिथे आधी गार्डसारख्या सॉफ्टवेअरने हे तुकडे जिथे जोडले गेले त्या जागा शोधून भाग वेगळे करावे लागतात.

फांदी किती भरवशाची हे सांगणाऱ्या आधाराच्या आकड्यांतही फसगत होते. झाड काढणाऱ्या आयक्यू-ट्रीच्या अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅपमध्ये (डेटातून पुन्हा पुन्हा नमुने उचलून फांदी तपासण्याच्या जलद पद्धतीत) ९५ च्या खालच्या फांदीवर विसंबू नये. ७० चा नियम जुन्या, साध्या बूटस्ट्रॅपचा. तो इथे लावून ८० ला ‘भक्कम’ म्हणणारे अहवाल अजून दिसतात.

सिक्वेन्स मोजून प्रसार ठरवणं

जिथे प्रयोगशाळा तिथे सिक्वेन्स जास्त, एवढंच त्या संख्येवरून कळतं. एका जिल्ह्याचे ९०० आणि शेजारच्याचे १२ नमुने तसेच घातले, तर विषाणू मोठ्या ढिगातून निघाला असंच झाड दाखवणार. दर जिल्ह्यातून, दर आठवड्याला ठरावीक नमुने चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचला. अशी उचल निदान तीनदा करा आणि दरवेळी नव्याने झाड काढा. मूळ प्रत्येक वेळी वेगळ्या जिल्ह्यात पडत असेल तर नकाशावर बाण काढू नका.