झापिन: पाऊल उचलण्याआधी मरवास ऐका

मलेशियातल्या जोहोर बाहरूला राहायला आले तेव्हा मी व्हिडिओ बघून झापिन या मलय नाचाची पावलं पाठ केली होती. वर्गाच्या पहिल्याच दिवशी चिकगूंनी (इथे बाईंना, सरांना चिकगूच म्हणतात) मला भिंतीशी बसवलं. महिनाभर नुसतं ऐकायचं! तेव्हा जिवावर आलं, पण तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

येमेनमधल्या हद्रमौतच्या अरबांबरोबर ही कला मलय मुलखात आली. पूर्वी फक्त पुरुषच नाचायचे. वाद्यांतही ते मूळ दिसतं: गंबूस म्हणजे ऊद या अरबी तंतुवाद्याचं भावंड, आणि मरवास म्हणजे तळहातावर मावेल असा, दोन्ही तोंडांना कातडं मढवलेला छोटा ढोल. एका हातात धरायचा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायचा.

माझा हात तबल्यावर घडलेला, त्यामुळे माझे कान सम शोधत बसायचे. इथे मात्र पूर्ण ठेका एकटा कुणीच मरवासवाला वाजवत नाही. एकाचा आघात दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत पडतो आणि सगळ्यांचा मिळून ठेका विणला जातो. म्हणून एका दिवशी कानाने एकच मरवास धरा आणि त्याच्याबरोबर टाळी द्या. दुसऱ्या दिवशी दुसरा धरा. दोन्ही एकदम ऐकू यायला लागले की उठा.

सुरुवातीला गंबूस एकटाच वाजतो, तो तकसीम. त्याला ठेका नसतो. तेव्हा पावलं टाकायची नाहीत. खाली बसून हात जोडून सलाम करायचा आणि धून मनात मुरू द्यायची.

मग पावलं. मी घरी फरशीच्या सांध्यावर सराव करते: सरळ रेषेत पुढे, वळून परत मागे. या रेषेला अलिफ म्हणतात, अरबी लिपीतलं पहिलं, उभं अक्षर. गुडघे किंचित सैल ठेवा, पाय आपटू नका, हात कमरेजवळच हलू द्या. भरतनाट्यम शिकलेल्या मुलींचे हात इथे हमखास वर जातात. गावागावाची पावलं वेगळी असतात, म्हणून एकाच गुरूची धरा. दोन व्हिडिओ एकत्र करू नका.

खरी कसोटी कोपाकची. धून संपते आणि मरवास एकदम मोठ्याने कडाडतात. नाचणारे त्यावर उड्या घेतात, खाली बसतात. कडकडाट ऐकून हललात तर उशीर झालाच. गंबूसची धून गुणगुणत राहा. तिचं शेवटचं वळण आलं की वजन मागच्या पायावर घ्या. मला हे जमायला पाऊसकाळ गेला, आणि ज्या संध्याकाळी जमलं तेव्हा चिकगूंनी काही न बोलता स्वतःचा मरवास माझ्या हातात दिला.

शेवटचा भाग वाइनाब. त्यात जोर वाढतो, म्हणून दम राखून ठेवा. संगीत थांबलं की पुन्हा खाली बसून सलाम करा, आणि वादकांकडे बघून करा.