दाढेत काय भरायचं, ते कसं ठरवावं

सासूबाईंपासून धाकट्यापर्यंत घरातल्या सगळ्यांच्या दाढा भरून आणायचं काम गेली पंधरा वर्षं माझ्याकडे आहे. "पांढरंच भरा, छान दिसतं" आणि "चांदी भरा, जन्मभर बघायला नको" हे दोन्ही सल्ले मला परभणीत रोज ऐकू येतात. दोन्ही अर्धवट आहेत. रंग आणि भाव नंतर बघा. भरायच्या वेळी ती जागा कोरडी राहणार आहे का, हे आधी विचारा.

पहिल्यांदा एक्स-रे. रात्री आपोआप ठणका लागत असेल, किंवा गरम चहाची कळ बराच वेळ जात नसेल, तर सहसा नुसतं भरून भागत नाही, रूट कॅनाल लागतं.

समोरच्या दातांना कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं ते पांढरं. लहान मुलांच्या दुधाच्या दाढा आणि म्हाताऱ्या माणसांच्या हिरडीलगतच्या खाचा यांना ग्लास आयोनोमर, म्हणजे आपण ज्याला सिमेंट म्हणतो ते. ते दाताला स्वतःहून चिकटतं, थोडा ओलावा सोसतं आणि फ्लोराइड सोडतं. मोठ्या माणसाच्या चावायच्या दाढेवर मात्र ते झिजतं. कडक भाकरी खाणाऱ्याला तिथे कॉम्पोझिटच बरं.

खरी अडचण दोन दाढांमधल्या फटीत येते. माझ्या खालच्या दाढेत तिथे कॉम्पोझिट भरलं, दिसायला सुरेख. सहा महिन्यांत मेथीची काडी, हरभऱ्याची डाळ, सगळं तिथेच अडकायला लागलं. वर्षाच्या आत खाली पुन्हा कीड. कॉम्पोझिट कोरड्या दातालाच धरतं, आणि माझ्या दाढेतल्या खड्ड्याची कड हिरडीच्या खाली होती. तिथे लाळ आणि रक्त झिरपत राहिलं, भरलेल्या बाजूची भिंतही शेजारच्या दाढेशी नीट टेकली नाही.

तेव्हापासून मी खुर्चीत बसायच्या आधी तीन गोष्टी विचारते: कड हिरडीखाली आहे का? रबर डॅम, म्हणजे लाळ अडवणारा रबराचा पडदा, लावणार का? भिंत उभी करायला पट्टी आणि पाचर वापरणार का? या प्रश्नांवर चिडणाऱ्या डॉक्टरकडून मी दाढ भरून घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. जागा कोरडी राहणारच नसेल, तर खाली ग्लास आयोनोमर आणि वर कॉम्पोझिट असा थर देता येतो का ते विचारा. दाढेचा बराचसा भागच गेला असेल तर भरण्याचा हट्ट सोडा, कॅप बसवा.

चांदी, म्हणजे अमाल्गम, ओलाव्यात टिकते हे खरं. पण त्यात जवळजवळ निम्मा पारा असतो आणि ती अडकून बसावी म्हणून चांगला दातही कोरावा लागतो. पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांना ती नकोच. युरोपीय संघाने 2025 पासून तिचा वापर जवळपास बंदच केला. तरी तोंडातली जुनी, धड चांदी भीतीपोटी काढू नका. घासून काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते.

किनवटकडच्या फ्लोराइडच्या पाण्याने दातांवर तपकिरी डाग असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. अशा दातावर कॉम्पोझिट धरायला जास्त तयारी लागते.

भरून झाल्यावर उठायची घाई करू नका. फटीत फ्लॉसचा दोरा घालून बघायला सांगा. तो अटकत, टक्‌ करून आत जायला हवा. सरळ घसरला तर भिंत सैल आहे, फाटला तर कड खरबरीत आहे, दोन्ही वेळी तिथेच दुरुस्त करून घ्या. निळ्या कागदावर चावून उंचीही बघतात, पण भूल उतरेपर्यंत ते नीट कळत नाही. दुसऱ्या दिवशी घास चावताना तीच दाढ आधी लागली, तर "सवय होईल" म्हणून बसू नका, त्याच आठवड्यात जाऊन उंची घासून घ्या.