भाकरी डाव्या हाताने थापली गेली तेव्हा

लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमच्या (लिनोच्या) तुकड्यावर चित्र कोरून त्या ठशाने कागदावर छापण्याच्या कलेत, ठशावरचे डावे कागदावर उजवे होते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मलाही होते, आणि तरीही मी फसले. आई भाकरी थापतानाचा फोटो मी कार्बन पेपरने थेट लिनोवर उतरवला, तीन आठवडे कोरत बसले आणि पहिला छाप मोठ्या अभिमानाने तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, "मी डाव्या हाताने कधी गं थापली भाकरी? आणि पदर हा कुठल्या खांद्यावर?"

कार्बनने रेषा सुलटी उतरते, म्हणून छाप उलटा येतो. त्याऐवजी ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र काढावे, तो कागद पालथा घालून पाठीमागून घासावा. म्हणजे ठशावर चित्र उलटे बसते आणि छाप सुलटा निघतो. कोरणी हातात घेण्यापूर्वी ठशासमोर आरसा धरावा, कारण आरशात दिसते तेच कागदावर येणार असते आणि एकदा कोरून काढलेला लिनो पुन्हा भरता येत नाही. आमचे एक सर म्हणत की, उलटे आले तरी कला ती कलाच. झाडाडोंगरांच्या चित्रात ते खपेलही. पण जिचे काम आपण गौरवायला निघालो, तिचा हातच चुकवला तर गौरव कसला? फोटोवर विसंबून राहण्याचा आळस मला तेव्हापासून मुळीच सोसत नाही. तासभर चुलीशेजारी बसल्यावर मला प्रथमच दिसले की, उजवा तळवा थापत असताना तिचा डावा हात भाकरीची कड सावरत असतो.

अमेरिकन चित्रकर्ती मेरी कसाटने 1890-91 मध्ये केलेल्या दहा रंगीत छापांपैकी एकात बाळाला कडेवर घेतलेली बाई टबातल्या पाण्यात हात घालून पाहते आहे. त्या चित्रातली सगळी माया मला त्या एका हातात दिसते. आफ्रिकन-अमेरिकन कलावंत एलिझाबेथ कॅटलेटची कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कष्टांवरची 15 चित्रांची मालिका 1946-47 मध्ये मेक्सिकोत तयार झाली, ती तर लिनोतच. तेव्हा महागड्या छापयंत्रावाचून आपले अडते असे समजू नका. लिनो उन्हात ठेवला की मऊ पडतो आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासूनही स्वच्छ छाप निघतो. पहिले पाच-सहा छाप डागाळणारच, त्यांची लाज बाळगू नये.

दुसरा ठसा मी आरशात चार वेळा तपासला. त्याचा छाप आईने बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, "हात बरोबर आहे. पीठ मात्र सैल भिजवलंयस."