गडगा, वई आणि बेडे : कोकणात नव्याने घर करणाऱ्यांसाठी

शहरातून किंवा घाटावरून येऊन कोकणात जागा घेणारा माणूस बहुधा सर्वांत आधी तिला कुंपण घालतो. मीही घाटावरूनच येऊन रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावात स्थायिक झालो आहे आणि नव्या शेजाऱ्यांना कळकळीने एवढेच सांगत आलो आहे की, जागा बंद करण्यापूर्वी तिच्यातून कोण, कोणत्या दिवसांत आणि कशासाठी ये-जा करते हे निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहावे. येथील जुने अडसर गुरांना थोपवण्यासाठी घातलेले असतात, आणि माणसाची वाट त्यांतूनच चालू ठेवलेली असते.

गडगा म्हणजे जांभ्याचे किंवा रानातले दगड चुना-सिमेंटाशिवाय एकावर एक रचून केलेली बुटकी भिंत. ती कच्ची दिसते म्हणून पाडून तेथे पक्की भिंत घालण्याचा मोह होतो. परंतु वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या उतारांवर गडग्याच्या फटींतून पाणी वाहून जाते, तर पाण्याला वाट न ठेवलेल्या पक्क्या भिंतीमागे ते साचते आणि भिंत कलते. पक्की भिंतच बांधायची असेल, तर तळाशी पाणी जाण्यासाठी भोके ठेवण्यास गवंड्याला आवर्जून सांगावे. काठ्या आणि काटेरी फांद्या रोवून, बांधून केलेल्या कुंपणाला वई म्हणतात आणि ती दरवर्षी नवी करावी लागते. शेर, निवडुंग किंवा गिरिपुष्प लावून जिवंत कुंपणही करतात; मात्र शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून लहान मुले असलेल्या घरी तो लावू नये. दक्षिणेला सिंधुदुर्गात गेल्यावर हेच शब्द गडगो आणि वंय असे ऐकू येतील.

या कुंपणांतून जाण्याची जागा म्हणजे बेडे. दोन बाजूंना भोके पाडलेले दगडी किंवा लाकडी खांब आणि त्यांत आडवे सरकवलेले बांबू, एवढीच त्याची रचना असते. माणूस वरचे एक-दोन बांबू सरकवून ओलांडतो, गाय-म्हैस अडते. बेडे जसे आढळले तसेच ठेवून पुढे जावे, हा नियम घरच्या पाहुण्यांनाही सांगून ठेवावा. बंद बेडे उघडे टाकल्यास रोपांची नासाडी होते हे लगेच समजते; परंतु उन्हाळ्यात काही बेड्यांचे बांबू मुद्दाम काढून ठेवलेले असतात, कारण गुरे त्या वाटेने व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, पाण्याला जातात, आणि कोणी चांगल्या हेतूने ते बंद केले तर जनावरे दिवसभर तहानलेली राहतात.

गुरे कोणी आवरायची, याचे उत्तर ऋतूप्रमाणे बदलते, आणि नव्याने आलेल्यांचे शेजाऱ्यांशी वाद बहुधा येथेच होतात. मृगाच्या पेरणीपासून भातकापणीपर्यंत गुरे राखण्याची जबाबदारी मालकाची असते. ती दाव्याला बांधतात किंवा गुराख्याबरोबर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चरायला पाठवतात. दिवाळीच्या सुमारास भात घरात आले की गुरे मोकळी सुटतात, आणि मग ज्याचा कुळीथ, वायंगण (उन्हाळी भात) किंवा आंब्याची कोवळी कलमे आहेत त्यानेच वई घालायची असते. म्हणून माघात एखाद्या गायीने तुमची जास्वंद खाल्ली तर कोंडवाड्याची भाषा न करता आधी आपली वई तपासावी. ऐन भातशेतीच्या दिवसांत मात्र तक्रार करणे रास्त आहे. ती प्रथम मालकाकडे आणि नंतर ग्रामपंचायतीकडे न्यावी.

परदेशातून परतलेले काही जण बागेच्या प्रवेशाशी खड्ड्यावर लोखंडी पाइपांची जाळी टाकून घेतात. गाडी थेट आत येते आणि फटींत खूर अडकेल या भीतीने गुरे पाऊल टाकत नाहीत. उपाय चांगला आहे, परंतु पावसात खड्डा मातीने भरला की गुरे खुशाल चालत आत येतात, त्यामुळे तो वेळोवेळी उपसावा लागतो. शिवाय शेजारी एक फाटक ठेवावेच लागते, कारण बैलजोडी आणि डोक्यावर भारा घेतलेली बाई त्या पाइपांवरून जाऊ शकत नाही. वानरांना आणि रानडुकरांना यांपैकी काहीही पुरेसे नाही. त्यासाठी सौर कुंपण घ्यावे, आणि घरातील विजेची तार कुंपणाला जोडण्याचा विचारही करू नये, कारण त्याने माणसे मरतात आणि तो गुन्हा आहे.

पावसाळ्यात रात्री गाडी चालवताना लक्षात ठेवावे की ओल्या रानापेक्षा डांबर कोरडे वाटत असल्याने उनाड गुरे रस्त्यावरच बसतात. काळी म्हैस तर अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

शेवटी कागदपत्रांविषयी. सातबाऱ्यावर वाट दिसत नाही म्हणून ती नाही असे समजू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट मागता येते, आणि मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली अडवलेली शेतवाट खुली करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. म्हणून तारेचे कुंपण घालण्यापूर्वी मोजणी करून घ्यावी, लगतच्या खातेदारांना त्या दिवशी बोलवावे आणि ज्या ठिकाणी बेडे आहे त्याच ठिकाणी, कुलूप न लावता, नवे फाटक बसवावे.