पासपोर्टचा अर्ज: आधी नाव जुळवा, मग फॉर्म भरा

पासपोर्टच्या अर्जात घोडं पेंड खातं ते नावापाशी. म्हणून फॉर्म उघडण्याआधी आधार, पॅन, दहावीचं प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला शेजारी शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एका कागदावर ‘दीपक’मध्ये दोन ‘ई’ आणि दुसऱ्यावर ‘आय’ असेल, तर आधी ती दुरुस्ती करून घ्या.

फॉर्मात नावासाठी दोनच रकाने असतात: ‘गिव्हन नेम’ आणि ‘सरनेम’. आपल्याकडे दहावीच्या कागदांवर आडनाव आधी छापलेलं असतं, समजा ‘पाटील सुनीता रमेश’. ते त्याच क्रमाने उतरवलं की ‘रमेश’ हे आडनाव होऊन बसतं. ‘सुनीता रमेश’ पहिल्या रकान्यात आणि ‘पाटील’ दुसऱ्यात हवं. सरनेमचा रकाना रिकामा सोडू नका. एकेरी नावाच्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिरातीने 2022 पासून व्हिजिट व्हिसा नाकारायला सुरुवात केली. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा नियम मात्र नाही.

जन्मतारखेचंही तेच. शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून लिहून टाकलेल्यांची पिढीच्या पिढी आहे. जन्मदाखल्यावर वेगळी तारीख असेल, तर दोन्ही कागद घेऊन जाणं म्हणजे शंकेला आमंत्रण. आधी सगळीकडे एकच तारीख करून घ्या. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना फक्त जन्मदाखलाच चालतो.

अर्ज फक्त पासपोर्ट सेवेच्या सरकारी पोर्टलवर किंवा एमपासपोर्ट सेवा अ‍ॅपवर करा. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ नसेल तर ते संकेतस्थळ बंद करा. हुबेहूब दिसणारी दुकानं बरीच आहेत. लहानपणी पासपोर्ट काढला असेल, तो कधीच संपला असला तरी, ‘फ्रेश’ न निवडता ‘री-इश्यू’ निवडायचं. प्रौढांसाठी 36 पानी पासपोर्टला 1500 रुपये, 60 पानीला 2000. तत्काळचे वर आणखी 2000. मुदत 10 वर्षं.

पत्ता सध्या राहता तिथलाच द्या. पुण्यात राहून गावचा पत्ता दिला, की गावात पडताळणीला पोलीस येतात, दाराला कुलूप दिसतं आणि अहवाल विरोधात जातो. एखादा खटला चालू असेल तर तो दडवू नका.

अपॉइंटमेंटच्या दिवशी मूळ कागद आणि त्यांच्या सही केलेल्या झेरॉक्स घेऊन पंधरा मिनिटं आधी पासपोर्ट सेवा केंद्रात पोचा. दहावी पास असाल तर ते प्रमाणपत्र विसरू नका; नाहीतर पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे ‘परदेशी नोकरीआधी तपासणी आवश्यक’ असा शेरा पडतो आणि आखातात नोकरीला जाताना वेगळी परवानगी काढावी लागते. फोटो तिथेच पांढऱ्या पडद्यापुढे काढतात, म्हणून गडद कपडे घाला. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो मात्र घरून न्यायचा. केंद्रात ए खिडकीवर कागदांचं स्कॅनिंग, बोटांचे ठसे आणि फोटो. बी वर तपासणी. सी वर निर्णय. बाहेर पडताना मिळणारी पावती दारातच वाचा. कागद कमी पडला असेल तर त्यावर लिहिलेलं असतं.

मुलांच्या अर्जाला आई-वडील दोघांच्या सहीचं घोषणापत्र, म्हणजे ‘अ‍ॅनेक्शर डी’ लागतं. एकाचीच सही मिळत असेल तर ‘अ‍ॅनेक्शर सी’.

पुढे पोलीस ठाण्यातून फोन येतो किंवा कोणी घरी येतं. झेरॉक्सचा एक संच तयार ठेवा, शेजाऱ्यांच्या कानावर घालून ठेवा. पासपोर्ट स्पीड पोस्टाने येतो. पाकीट उघडलं की आधी आपलं, मग आई-वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव वाचा. चूक दिसली तर व्हिसाचा अर्ज करण्याआधीच कळवा.